दुसऱ्या महायुद्धात इटालियन स्थलांतरितांची स्थानबद्धता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाझी छळछावण्यांबद्दल मराठीत भरपूर वाचायला मिळतं. अमेरिकेतल्या जपानी कुटुंबांबद्दलही थोडंफार लिहिलं गेलं आहे. इटालियन स्थलांतरितांबद्दल मात्र जवळजवळ काहीच सापडत नाही, त्यामुळे तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा मोठा भाग ब्रिटनबद्दल आहे, कारण या प्रकरणात सर्वात जास्त माणसं तिथल्या निर्णयामुळे मेली. बाकीच्या देशांबद्दल प्रश्न १२ ते १४ पाहा.

१. मुळात झालं काय?

१० जून १९४० रोजी संध्याकाळी मुसोलिनीने रोममधल्या पालाझ्झो व्हेनेझियाच्या सज्जातून ब्रिटन आणि फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. ब्रिटनमध्ये तेव्हा सुमारे १९,००० इटालियन राहत होते. ते एका संध्याकाळीत 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले. पोलिसांनी त्याच रात्री घरोघर जाऊन पुरुषांना उचलायला सुरुवात केली. 'सगळ्यांनाच धरा' अशा अर्थाचा आदेश चर्चिल यांच्या नावावर सांगितला जातो, आणि जे घडलं ते त्याला साजेसंच होतं. पुढच्या काही आठवड्यांत ४,००० हून अधिक इटालियन स्थानबद्ध झाले. ना आरोपपत्र, ना खटला, ना वकील.

त्याच रात्री लंडनच्या सोहो भागात आणि एडिनबरा, ग्लासगो, लिव्हरपूल, कार्डिफ या शहरांत जमावाने इटालियन दुकानांच्या काचा फोडल्या. आत पोलीस घरच्या कर्त्या पुरुषाला कपडे बांधायला सांगत आहेत आणि बाहेर दुकान लुटलं जातंय, असा अनुभव अनेक कुटुंबांच्या वाट्याला आला.

२. म्हणजे हे युद्धकैदीच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. युद्धकैदी म्हणजे लढताना पकडलेला सैनिक. १९२९ च्या जिनिव्हा कराराने त्याला काही हक्क दिले होते. ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय ते नागरिक होते: वेटर, आचारी, आइस्क्रीमवाले, न्हावी, मोझेकचं काम करणारे कारागीर. त्यांच्यासाठी तेव्हा असा कोणताही आंतरराष्ट्रीय करार लागू नव्हता. ब्रिटनने त्यांना राजसत्तेच्या विशेषाधिकाराखाली ताब्यात घेतलं. त्यामुळे कोर्टात दाद मागायला जागाच उरली नाही.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर इटालियन कैद्यांनी बांधलेलं सुंदर चर्च तुम्ही पाहिलं असेल. ते युद्धकैद्यांचं काम आहे. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या सैनिकांना तिथे आणलं होतं. या पानावरची माणसं वेगळी.

३. ब्रिटनमध्ये इतके इटालियन आले कुठून?

गरिबीतून आले, आणि बहुतेक जण डोंगरातल्या मोजक्या गावांमधून. एमिलिया प्रांतातल्या बार्दी गावची माणसं दक्षिण वेल्समध्ये गेली आणि कोळसा खाणींच्या वस्त्यांमध्ये त्यांनी कॅफे काढले. टस्कनीतल्या बार्गाची ग्लासगोत, लाझिओतल्या पिचिनिस्कोची एडिनबरात. गावचा एक माणूस स्थिरावला की पुतण्या, भाचा, शेजारी मागून येत. मुंबईच्या गिरणगावात एकेका तालुक्याचे गाळे जसे भरत गेले, तसंच.

१९४० पर्यंत यातल्या अनेकांची तिथे तीस-चाळीस वर्षं झाली होती. मुलं तिथल्या शाळेत शिकलेली, तिथल्याच बोलीत बोलणारी. शनिवारी रात्री मासे आणि बटाट्याचे तळलेले तुकडे घ्यायला अख्खी गल्ली त्यांच्याच दुकानात यायची.

४. इतकी वर्षं राहूनही त्यांनी नागरिकत्व का घेतलं नाही?

गरज वाटली नाही म्हणून. पहिल्या महायुद्धात इटली ब्रिटनच्या बाजूने लढली होती, त्यामुळे इटालियन पासपोर्ट ही धोक्याची गोष्ट ठरेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. त्यात नागरिकत्वाची फी होती, इंग्रजीतले अर्ज होते, आणि लिहिता-वाचता न येणारी माणसं होती. अमेरिकेत तर परीक्षा द्यावी लागे. तिथे 'शत्रू' ठरलेल्यांमध्ये अशा कित्येक आया होत्या, ज्यांचे मुलगे अमेरिकेच्या सैन्यात लढत होते.

५. कुणाला पकडायचं हे ठरवलं कसं?

दोन कसोट्या होत्या. पहिली, १६ ते ७० वयाचा आणि ब्रिटनमध्ये २० वर्षांपेक्षा कमी राहिलेला कोणताही इटालियन पुरुष. दुसरी, एमआय-५ या गुप्तचर खात्याकडची सुमारे १,५०० 'धोकादायक' माणसांची यादी. या यादीत नाव असेल तर कितीही वर्षं राहिलेला असो, उचलायचा.

जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांसाठी ब्रिटनने १९३९ मध्येच न्यायाधिकरणं नेमली होती. प्रत्येकाची चौकशी करून त्यांचे तीन गट पाडले होते. इटालियनांसाठी असं काहीही झालं नाही. इटली युद्धात उतरणार याची चाहूल कित्येक महिने आधीपासून होती, म्हणजे वेळ नव्हता असंही म्हणता येत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली मूळ चूक हीच. पुढे जे जे वाईट झालं ते या न तपासलेल्या यादीतून झालं.

६. पण त्यांच्यात खरोखरचे फॅसिस्ट नव्हते का?

होते, आणि ते लपवून हा इतिहास सांगू नये. लंडनमध्ये १९२१ पासून फॅसिस्ट पक्षाची शाखा होती. ग्लासगो, एडिनबरा, कार्डिफमध्येही शाखा निघाल्या. काही पदाधिकारी मनापासून मुसोलिनीचे होते.

मात्र सभासद होणं आणि हेर असणं यात फार अंतर आहे. १९३० च्या दशकात परदेशातल्या इटालियन समाजजीवनाची जवळजवळ सगळी सूत्रं पक्षाने आपल्या हाती घेतली होती. मुलांसाठी इटालियन भाषेचे वर्ग, उन्हाळ्यात इटलीला फुकटात सहल, लग्नासाठी हॉल, वकिलातीतल्या कामात मदत, हे सगळं त्या क्लबातूनच मिळे. दिवसभर 'परका' म्हणून राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी पत्ते खेळायला तीच एक जागा होती. तिथल्या वहीत नाव असणं हाच यादीचा मुख्य आधार होता. कैद्यांना कॅनडाला नेणारं 'आरंडोरा स्टार' हे जहाज (प्रश्न ७) बुडाल्यानंतर लॉर्ड स्नेल यांनी जी सरकारी चौकशी केली, तिच्यातही या निवडपद्धतीतले दोष मान्य झाले: फॅसिस्ट म्हणून पाठवलेल्यांत मनाने ब्रिटनच्याच बाजूची माणसं होती. फॅसिस्टविरोधकांची काय गत झाली ते प्रश्न ११ मध्ये आहे.

७. 'आरंडोरा स्टार'चं नेमकं काय झालं?

हे १९२७ साली बांधलेलं आलिशान प्रवासी जहाज. युद्धात त्याला करडा रंग फासला, डेकवर काटेरी तारा लावल्या, आणि १ जुलै १९४० रोजी ते लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघालं. जहाजावर १,६०० हून अधिक माणसं होती. त्यांत ७०० हून अधिक इटालियन, काहीशे जर्मन, आणि बाकी पहारेकरी व खलाशी. सोबत संरक्षक नौका नव्हती. आत नागरिक कैदी आहेत हे सांगणारं रेड क्रॉसचं चिन्हही नव्हतं.

२ जुलैच्या सकाळी, आयर्लंडच्या वायव्येला, गुंथर प्रीन याच्या यू-४७ या जर्मन पाणबुडीने आपला शेवटचा टॉर्पेडो त्यावर सोडला. जहाज साधारण अर्ध्या तासात बुडालं. बोटी पुरेशा नव्हत्या, त्यातल्या काही स्फोटातच निकामी झाल्या. पळण्याची तालीम कधी झालीच नव्हती. ज्या तारांनी कैद्यांना अडवायचं होतं त्यांनी बोटींकडे जाणाऱ्यांनाही अडवलं. डोंगरातली, वय झालेली, पोहता न येणारी माणसं होती. ८०० हून अधिक मेले, त्यांत ४४० पेक्षा जास्त इटालियन. एकट्या बार्दी गावची ४८ माणसं गेली. कॅनडाची 'सेंट लॉरेंट' ही विनाशिका काही तासांनी पोचली आणि तिने उरलेल्यांना वाचवलं.

पुढचे काही आठवडे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर प्रेतं वाहून येत राहिली. कोलोन्सेसारख्या छोट्या बेटावरच्या लोकांनी अनोळखी माणसांना मूठमाती दिली. जहाजावर नक्की कोण कोण होतं याची धड यादीच सरकारकडे नव्हती. बायकांना नवरा गेल्याचं कित्येक आठवडे कळलं नाही, काहींना तो जहाजावर होता हेही ठाऊक नव्हतं.

८. जे वाचले त्यांना सोडून दिलं का?

नाही. हे वाचून प्रत्येकाला धक्का बसतो, आणि बसायलाच हवा. वाचलेल्यांपैकी सुमारे २०० इटालियनांना आठवडाभरात, १० जुलैला, लिव्हरपूलहूनच 'ड्युनेरा' या दुसऱ्या जहाजावर चढवलं आणि ऑस्ट्रेलियाला पाठवलं. नुकतेच समुद्रातून बाहेर काढलेले लोक पुन्हा जवळपास दोन महिने जहाजाच्या पोटात कोंडले गेले. वाटेत पहारेकऱ्यांनी कैद्यांचं सामान लुटलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला मेलबर्नला उतरवून त्यांना व्हिक्टोरिया राज्यातल्या टाटुरा छावणीत नेलं.

९. छावण्यांमध्ये कसं ठेवत?

छावणीनुसार फार फरक होता. पहिला मुक्काम बहुतेकांचा वाईट होता. मँचेस्टरजवळच्या बरी गावातली वॉर्थ मिल्स ही बंद पडलेली कापड गिरणी होती. काचेचं छप्पर फुटलेलं, जमिनीवर जुनं तेल, उंदीर, आणि शेकडो माणसांमागे मोजके नळ. आल्या आल्या झडतीच्या नावाखाली पैसे, घड्याळं, पेनं काढून घेतली जात. तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याला पुढे चोरीबद्दल शिक्षा झाली.

तिथून बरेच जण आइल ऑफ मॅन बेटावर गेले. डग्लस शहरात समुद्राकाठी सुट्टीसाठी येणाऱ्यांची लॉजं ओळीने होती. ती रिकामी करून भोवती तारा ओढल्या की छावणी तयार. तिथे जेवण बरं मिळे. लंडनच्या बड्या हॉटेलांमधले आचारी आत होते, त्यामुळे आहे त्या शिध्यात ते चांगलं शिजवत. वर्ग भरत, संगीत होई. पण पत्रं सेन्सॉरमधून जात, ठरावीक ओळींचीच लिहिता येत, आणि कधी सुटणार हे कुणालाच सांगता येत नसे. आठवणी लिहिणारे जवळजवळ सगळे या शेवटच्या गोष्टीबद्दल सर्वात जास्त लिहितात. पुढे मोठं हॉटेल-साम्राज्य उभं करणारे चार्ल्स फोर्टे हेही या बेटावरच होते.

१०. बायकामुलांचं काय? ब्रिटनमध्ये जन्मलेली मुलं तर ब्रिटिश नागरिक होती ना?

इटालियन बायकांपैकी फार थोड्यांना स्थानबद्ध केलं. बाकीच्यांवर दुकान, मुलं आणि फुटलेल्या काचा एकदम येऊन पडल्या. किनारपट्टीजवळच्या 'संरक्षित' भागात राहणाऱ्यांना घर सोडून आत जावं लागलं.

आता किचकट भाग. तेव्हाच्या कायद्याने ब्रिटिश बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की ती नवऱ्याच्या देशाची होई. म्हणून ग्लासगोत जन्मलेली, इटली कधीही न पाहिलेली स्कॉटिश बाई १० जूनला शत्रुराष्ट्राची नागरिक झाली. हा नियम १९४८ पर्यंत चालू होता.

मुलांचं उलट. ब्रिटनमध्ये जन्मलं की ब्रिटिश. म्हणून मुलगा ब्रिटिश सैन्यात आणि बाप तारांच्या आत, अशी घरं खूप होती. पण ब्रिटिश असल्याने पूर्ण सुटका झाली असंही नाही. संरक्षण नियम १८-ब खाली ब्रिटिश नागरिकालाही खटल्याविना डांबता येत होतं, आणि इटालियन घरातल्या सुमारे ३०० जणांवर तो वापरला गेला.

शिल्पकार एदुआर्दो पाओलोझ्झी यांचं उदाहरण घ्या. १९२४ मध्ये एडिनबराजवळच्या लीथ बंदरात जन्म, आईवडिलांचं आइस्क्रीमचं छोटं दुकान. वडिलांनी त्यांना उन्हाळ्यात इटलीतल्या फॅसिस्ट मुलांच्या शिबिरांना पाठवलं होतं. १९४० मध्ये १६ वर्षांच्या या मुलाला एडिनबरातल्या सॉटन तुरुंगात तीन महिने ठेवलं. तो आत असताना त्याचे वडील, आजोबा आणि मामा 'आरंडोरा स्टार'वर बुडून मेले. पुढे त्याच ब्रिटनने त्यांना सर ही पदवी दिली. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड या भुयारी स्टेशनात गेलात तर भिंतींवरचं रंगीत मोझेक जरूर पाहा. ते त्यांचं आहे.

११. ज्यू आणि मुसोलिनीविरोधी इटालियनही पकडले गेले का?

हो. मुसोलिनीने १९३८ मध्ये ज्यूंविरोधी कायदे केले तेव्हा काही जण ब्रिटनमध्ये आश्रयाला आले होते. त्यांचा पासपोर्टही इटालियनच. केंब्रिजमधले अर्थतज्ज्ञ पिएरो स्राफा यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मुसोलिनीच्या तुरुंगात असलेल्या आंतोनिओ ग्राम्शी या कम्युनिस्ट विचारवंताला पुस्तकं पुरवणारा हा माणूस ब्रिटनने आइल ऑफ मॅनवर नेऊन ठेवला. प्रसिद्ध अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी खटपट करून त्यांना सोडवलं. ज्यांच्या मागे केन्स नव्हते त्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न मला कायम छळतो.

देचिओ आंझानी हे उत्तर तसं समोरच आहे. मुसोलिनीविरुद्ध काम करणाऱ्या मानवी हक्क संघटनेचे ते लंडनमधले सचिव. ते 'आरंडोरा स्टार'वर बुडाले. त्याच जहाजावर असलेले, बीबीसीसाठी काम करणारे ज्यू निर्वासित उबेर्तो लिमेंतानी वाचले आणि पुढे केंब्रिजमध्ये इटालियनचे प्राध्यापक झाले.

छावणीच्या आतही धोका होता, कारण फॅसिस्ट आणि त्यांचे विरोधक एकाच ठिकाणी कोंडले जात. ऑस्ट्रेलियातल्या लव्हडे छावणीत नोव्हेंबर १९४२ मध्ये फ्रान्चेस्को फांतिन या अराजकवादी कामगाराला एका फॅसिस्ट सहकैद्याने मारलं आणि त्यात तो मेला. दोन्ही गटांना वेगळं ठेवा अशी मागणी विरोधक आधीपासून करत होते.

१२. अमेरिकेत काय झालं?

अमेरिकेने १७९८ सालचा परकीय शत्रू कायदा वापरला. डिसेंबर १९४१ नंतर सुमारे ६,००,००० इटालियन नागरिकांना शत्रू म्हणून नोंदणी करावी लागली. ओळखपत्र सोबत ठेवायचं, कॅमेरा आणि शॉर्टवेव्ह रेडिओ जमा करायचा. कॅलिफोर्नियात त्यांच्यावर रात्री ८ ते सकाळी ६ संचारबंदी होती आणि किनाऱ्याजवळच्या प्रतिबंधित भागांतून सुमारे १०,००० जणांना घरं सोडावी लागली. मासेमारीवर जगणाऱ्या माँटेरेसारख्या गावांची यात फार हानी झाली. बेसबॉलचा तेव्हाचा सर्वात मोठा खेळाडू जो डिमॅजिओ, त्याचे वडील कोळी. त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर पाऊल टाकायला बंदी होती.

प्रत्यक्ष स्थानबद्ध झालेले मात्र तुलनेने कमी. मोंटाना राज्यातल्या फोर्ट मिझुलात सुमारे १,००० इटालियन होते, त्यांतले बहुतेक अमेरिकन बंदरांत अडकलेल्या जहाजांवरचे खलाशी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे गायक एत्सिओ पिन्झा यांना मार्च १९४२ मध्ये ऐकीव तक्रारींवरून एलिस बेटावर सुमारे ११ आठवडे ठेवलं.

१२ ऑक्टोबर १९४२ ला, कोलंबस दिनी, महाधिवक्ता फ्रान्सिस बिडल यांनी इटालियनांवरचा शत्रूचा शिक्का काढल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात निवडणूक होती आणि इटालियन मतं लाखोंनी होती.

१३. आणि कॅनडात?

सुमारे ३१,००० जणांची नोंदणी, सुमारे ६०० स्थानबद्ध, बहुतेक ओंटारिओतल्या पेटावावा छावणीत. एकावरही गुन्हा सिद्ध झाला नाही. माँट्रियलच्या मादोन्ना देल्ला दिफेसा चर्चमध्ये घोड्यावरच्या मुसोलिनीचं भित्तिचित्र आहे. ते रंगवणारे ग्विदो निन्केरी यांना या चित्रावरूनच पकडलं. मुसोलिनीला चित्रात घाला असा हट्ट इतरांचा होता हे त्यांच्या पत्नीने पटवून दिल्यावर काही महिन्यांनी ते सुटले. चित्र आजही तिथे आहे.

१४. ऑस्ट्रेलियात संख्या इतकी जास्त का?

तिथे सुमारे ४,७०० इटालियन स्थानबद्ध झाले. त्यांत क्वीन्सलँडमधले ऊसतोड कामगार आणि छोटे ऊसउत्पादक मोठ्या संख्येने होते. आधीपासूनच त्यांच्याबद्दल स्थानिकांत आकस होता: स्वस्तात राबतात, जमिनी घेतात. १९४२ मध्ये जपान उत्तरेला येऊन ठेपल्यावर त्या आकसाला सुरक्षेचं कारण मिळालं. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेल्यांनाही सोडलं नाही. ऐन तोडणीच्या हंगामात माणूस नेला की उभा ऊस वाळतो आणि कर्ज फिटत नाही. हे नुकसान कशाचं असतं ते आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

१५. सप्टेंबर १९४३ मध्ये इटली शरण आली. मग सगळे सुटले?

एकदम नाही. ब्रिटनमध्ये सुटका १९४० च्या अखेरीपासूनच हळूहळू सुरू झाली होती: आजारी, वृद्ध, आणि युद्धोपयोगी काम करायला तयार असलेले आधी. १९४३ नंतर वेग वाढला. मुसोलिनीचं समर्थन न सोडणारे किंवा तसे मानले गेलेले काही जण युद्ध संपेपर्यंत आत राहिले.

१६. भारतात किंवा गोव्यात इटालियन कैदी होते का?

होते, पण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका.

एक, युद्धकैदी. आफ्रिकेत पकडलेले ६०,००० हून अधिक इटालियन सैनिक भारतात आणले गेले. बंगळूर, भोपाळजवळचं बैरागढ, योल, डेहराडून अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या. यातल्या हजारोंना पुढे शेतमजुरीसाठी ऑस्ट्रेलियाला नेलं.

दोन, नागरिक. भारतात राहणारे जर्मन, ऑस्ट्रियन, इटालियन यांना स्थानबद्ध केलं. मुख्य छावणी डेहराडूनची. त्याआधी अहमदनगर आणि देवळाली इथेही अशा छावण्या होत्या. तिबेटला पळून गेलेले गिर्यारोहक हाइनरिश हारर या दोन्ही ठिकाणी राहून मग डेहराडूनला गेले. पुरंदर आणि साताऱ्यातही कुटुंबांना ठेवलं होतं, त्यांत जर्मन जास्त.

तीन, गोवा. पोर्तुगाल तटस्थ असल्याने मुरगाव बंदरात तीन जर्मन जहाजं आणि 'आन्फोरा' हे इटालियन जहाज आसऱ्याला थांबलं होतं. मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांनी गुपचूप हल्ला केला, तेव्हा जहाजं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनीच ती बुडवली.

१७. कुणी माफी मागितली का? भरपाई?

कॅनडाने मागितली. १९९० मध्ये पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी एका कार्यक्रमात, आणि २७ मे २०२१ रोजी जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत, औपचारिकपणे. अमेरिकेने २००० साली कायदा करून अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण पैसे दिले नाहीत. ब्रिटिश सरकारने 'आरंडोरा स्टार'बद्दल औपचारिक माफी मागितलेली नाही. स्मारकं आहेत: लंडनच्या क्लार्कनवेलमधल्या इटालियन चर्चमध्ये, ग्लासगोच्या कॅथीड्रलशेजारी, आणि बार्दीत. ती मुख्यतः समाजाने स्वतः उभारली.

१८. जपानी लोकांवर झालेला अन्याय मोठा नव्हता का?

अमेरिकेत निश्चितच मोठा होता. तिथे सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना हलवलं गेलं, त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक होते. त्यात वंशद्वेष उघड होता. इटालियनांची गोष्ट सांगताना ती त्याच्या बरोबरीची म्हणून मांडणं चूक आहे. ब्रिटनचा हिशेब मात्र वेगळा, तो प्रश्न ७ मध्ये आहे.

१९. आज असं होऊ शकतं का?

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने नागरिकांनाही संरक्षण दिलं. स्थानबद्ध करायचं तर प्रत्येकाचं प्रकरण तपासावं लागतं आणि वर्षातून किमान दोनदा फेरविचार करावा लागतो. पण कायदे असूनही घडतं. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याच देशात सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, त्यांत भारतात जन्मलेलेही होते, आसाम आणि दार्जिलिंग भागातून रेल्वेने राजस्थानातल्या देवली छावणीत नेलं. शेवटचे लोक १९६७ मध्ये सुटले. आणि १७९८ चा तो अमेरिकन कायदा अजून रद्द झालेला नाही. मार्च २०२५ मध्ये तो व्हेनेझुएलाच्या नागरिकांविरुद्ध वापरला गेला.

२०. माझ्या सासरच्या घरातले कुणीतरी स्थानबद्ध होते. नोंद कुठे मिळेल?

ब्रिटनसाठी लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुरुवात करा. गृहखात्याच्या एचओ ३९६ या मालिकेत स्थानबद्धांची कार्डं आहेत. ऑस्ट्रेलियात तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात व्यक्तिगत फायली आहेत आणि बऱ्याच इंटरनेटवर दिसतात. जिनिव्हात रेड क्रॉसकडेही विचारता येतं.

शोधताना आडनावाची चार-पाच स्पेलिंगं करून पाहा. इंग्रज कारकुनांनी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं आहे. घरी जोसेफ म्हणत असले तर जुझेप्पे या नावाने शोधा. जन्मगाव माहीत असेल तर ते आधी बघा, कारण एकाच गावात एकाच नावाचे तीन-चार चुलतभाऊ सापडणं नेहमीचं आहे. 'आरंडोरा स्टार'च्या यादीत नाव मिळालं तर ते दुसऱ्या एखाद्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय घरच्यांना सांगू नका. त्या याद्यांमध्ये चुका आहेत.